जन्माआधीचा काळोख आणि मरणानंतरचा

पानिपतची बातमी आली तेव्हा पुण्यात घरोघर आकांत झाला असे आपण वाचतो. त्या दिवशी आपण कोठे होतो? कोठेच नव्हतो. 14 जानेवारी 1761 रोजी एवढा मोठा अनर्थ घडला, आणि आपल्यापैकी एकाच्याही डोळ्यांतून तेव्हा टिपूस गळले नाही, कारण टिपूस गळण्यास डोळेच नव्हते. ही गोष्ट ऐकून कोणास वाईट वाटत नाही. फार तर हसू येते. आता हाच प्रश्न उलटा करून पाहावा. आजपासून अडीचशे वर्षांनी या गावात काही मोठा प्रसंग असेल, रस्ते माणसांनी फुलले असतील, आणि आपण कोठेच नसू. हे ऐकताच मात्र पोटात कोठेतरी खड्डा पडतो. वास्तविक दोन्ही ठिकाणी आपले नसणे सारखेच आहे. मग एका नसण्याची गंमत वाटावी आणि दुसऱ्याचे भय वाटावे, हे काय गौडबंगाल आहे? हा भेद विवेकाला धरून आहे, की ती नुसती मनाची खोड आहे?

पगारवाढ आणि पाळ्यांची भाषा बोलणाऱ्या माणसाने या विषयात का पडावे, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, तीस वर्षे कामगारांत काढलेल्या माणसाला मरणाची ओळख तत्त्वज्ञानाच्या वर्गातून होत नाही, ती कागदांतून होते. हजेरीपटावरची शेवटची सही, पंचनामा, वारसाचा दाखला, भरपाईचा अर्ज. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. त्या वाचनालयात आम्ही जे प्रश्न घेऊन गेलो त्यांतला हा एक आहे.

प्रश्न जुना आहे. एपिक्यूरस हा ग्रीक तत्त्ववेत्ता ख्रिस्तपूर्व 341 ते 270 या काळात होऊन गेला. मरण आणि माणूस यांची कधी गाठच पडत नाही, एक असेल तेथे दुसरा नसतो, मग भ्यायचे कोणी आणि कशाला, असा त्याच्या शिकवणुकीचा इत्यर्थ. त्यानंतर दोन शतकांनी ल्युक्रेशियस नावाचा रोमन कवी झाला. त्याने गुरूचे हे सारे तत्त्वज्ञान सहा सर्गांच्या लॅटिन काव्यात गुंफले. तिसऱ्या सर्गात तो म्हणतो की, कार्थेजशी झालेल्या युद्धांत सारे जग हादरले, पण आम्ही जन्मलोच नव्हतो म्हणून आम्हास काही जाणवले नाही. तसेच आम्ही संपल्यावर समुद्र आणि आकाश एक झाले तरी आम्हास काही जाणवणार नाही. जन्मापूर्वीचा काळ हा निसर्गाने आपल्यापुढे धरलेला आरसा आहे, त्यात पाहावे आणि पुढचा काळ कसा असेल ते ओळखावे. पानिपतचे उदाहरण आम्ही वर घेतले ते त्याच्याच साच्यातले आहे. हे काव्य मध्ययुगात जवळजवळ विसरले गेले होते. 1417 साली पोज्जो ब्राचोलिनी या इटालियन पंडिताला एका मठात त्याची प्रत सापडली. आमच्यासारख्या चळवळीतल्या लोकांना ही नावे बहुधा आणखी एका आडवाटेने कळतात: कार्ल मार्क्सने 1841 साली पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय डिमॉक्रिटस आणि एपिक्यूरस यांच्या निसर्गविषयक विचारांतील भेद हाच होता.

हा विचार केवळ परदेशी आहे असे मात्र समजू नये. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील अठ्ठाविसावा श्लोक अनेकांच्या पाठातला असेल. भूतमात्र आरंभी अव्यक्त, मध्ये व्यक्त आणि शेवटी पुन्हा अव्यक्त, तेव्हा शोक कसला, असा त्याचा आशय. त्यातील आरंभ आणि शेवट एकसारखे आहेत ही गोष्टच तेथे सांत्वनाचा आधार झाली आहे. अर्थात गीतेतील अव्यक्त म्हणजे अभाव नव्हे. तेथे आत्मा कायम आहे, फक्त दिसेनासा झाला आहे. ज्याची पुनर्जन्मावर श्रद्धा आहे त्याला आमचा आजचा प्रश्न या स्वरूपात पडतच नाही. तरी एक चमत्कार त्याच्याही बाबतीत दिसतो. मागल्या जन्मीची बायकामुले कोठे असतील या काळजीने कोणी रात्र जागून काढत नाही. या जन्मीची बायकामुले आपल्यामागे काय करतील याची काळजी मात्र त्यालाही सुटत नाही. म्हणजे श्रद्धा बदलली तरी कल तोच राहतो.

आमच्या नैयायिकांनी तर या दोन नसण्यांना स्वतंत्र नावे दिली आहेत. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, म्हणजे न्यायाच्या पहिल्याच पाठ्यपुस्तकात, ती सापडतात. कुंभाराने घडा घडविण्यापूर्वी घड्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. घडा तयार झाला की तो संपतो. घडा फुटल्यावर जो अभाव होतो तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. ल्युक्रेशियसने दोन काळोख आरशासमोर ठेवून सारखे ठरविले. नैयायिकाने त्यांना हात लावून पाहिला आणि सांगितले की, एकाचे तोंड एका बाजूला उघडे आहे व दुसऱ्याचे दुसऱ्या बाजूला. पहिल्या रात्रीची पहाट झाली, दुसरीची होत नाही. निरीक्षण अचूक आहे. पण एवढ्यावरून भयाचे समर्थन होते काय? ज्या रात्री जागा असणारा कोणीच नाही ती लांब असली काय आणि आखूड असली काय! तेव्हा ल्युक्रेशियस अजून हरलेला नाही.

अलीकडच्या काळात या वादाला पुन्हा तोंड फुटले ते टॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या 1970 सालच्या एका छोट्या निबंधामुळे. त्याचे म्हणणे असे. मरण वाईट का? त्यात काही दुखते म्हणून नव्हे. जे मिळू शकले असते ते हिरावले जाते म्हणून. तिसाव्या वर्षी गेलेला माणूस साठ वर्षे जगू शकला असता, आणि जगला असता तो तोच माणूस असता. पण तोच माणूस तीस वर्षे आधी जन्मला असता काय? आधी जन्मला असता तो दुसराच कोणी, वेगळ्या बीजाचा. म्हणून जन्माआधीची वर्षे कोणाकडून हिरावली गेली असे म्हणता येत नाही, मरणानंतरची मात्र म्हणता येते. युक्तिवाद देखणा आहे. पण पुढे नेगेलने स्वतःच त्यावर शंका नोंदविली की, साध्या माणसाच्या साध्या भावनेचा उलगडा करायला तो फार बारीक काततो.

आता तर वैद्यकानेच त्याला अडचणीत आणले आहे. 1992 साली गोठवून ठेवलेल्या भ्रूणांतून 2022 साली अमेरिकेत जुळी मुले जन्मली. बीज तेच, मनात आणले असते तर ती तीस वर्षे आधी जन्माला येऊ शकली असती. नेगेलच्या हिशेबाने या मुलांची तीस वर्षे खरोखरच बुडाली. पण ती मोठी झाल्यावर त्या तीस वर्षांसाठी सुतक पाळतील असे कोणास वाटते काय? आम्हांस वाटत नाही. यावरून दिसते की, आपल्या भावनेचे मूळ बीजाच्या ओळखीत नाही. ते अन्यत्र शोधले पाहिजे.

ते कोठे असावे याचा एक माग डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञाने 1984 च्या आपल्या ग्रंथात दाखविला. त्याच्या उदाहरणातला माणूस रुग्णालयात जागा होतो. त्याला एवढेच ठाऊक आहे की, एकतर काल त्याच्यावर दहा तासांची अतिशय वेदनामय शस्त्रक्रिया झाली असून तिची आठवण औषधाने पुसली आहे, किंवा आज एक तासाची व्हायची आहे. त्याची इच्छा काय असेल? दहा तासांची होऊन गेलेली असू दे, हीच! बेरजेने पाहता हे वेडेपण आहे, कारण दहा तासांचे दुःख एका तासाहून मोठे. आमच्या कामगाराला हे उदाहरण समजण्यास रुग्णालयही लागत नाही. सोळा तासांची डबल ड्युटी मागल्या आठवड्यात उरकली की पुढल्या आठवड्यात यायची आहे, हे पाळीच्या तक्त्यावरून कळत नसेल, तर प्रत्येक जण मनात म्हणतो की, ती उरकलेली निघो. झालेला त्रास आणि व्हायचा त्रास यांना आपल्या मनाच्या तराजूत एकच वजन नाही. सुखाचेही तसेच. मग जगण्याच्या वर्षांचे तसे असल्यास नवल काय?

असे मन आपल्याला का मिळाले हे सांगणे फारसे अवघड नाही. आपला हात पुढल्या काळापर्यंत पोचतो, मागल्यापर्यंत पोचत नाही. निघून गेलेल्या वाघाला समोरच्या वाघाइतकाच भिणारा प्राणी फार दिवस टिकला नसता. परंतु खोड कोठून आली हे कळल्याने ती योग्य ठरत नाही. आणि मरण तर असा वाघ आहे की भिऊन तो टळत नाही. मग ते भय तेथे तरी उपयोगाचे कसे?

येथे पार्फिटनेच दाखविलेली दुसरी बाजू आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. भूतकाळाकडे पाठ फिरविण्याची ही खोड आपण स्वतःपुरतीच वापरतो, दुसऱ्यांच्या बाबतीत नाही. परगावी वारलेल्या आईला शेवटी फार यातना झाल्या हे मागाहून कळले, तर ‘झाले ते झाले’ असे कोणताही मुलगा म्हणत नाही. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर बाबू गेनू हा गिरणी कामगार परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. आमचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. तरी ती हकीकत सांगताना गळा दाटतो, आणि प्रसंग जुना झाला म्हणून तो कमी दाटत नाही. म्हणजे भूतकाळाचे दुःख करणे आपल्याला जमत नाही असे नाही. जन्माआधीच्या स्वतःच्या नसण्याचेच तेवढे जमत नाही.

एक शंका येथेच निकालात काढू. ‘आपण आधी जन्मलो असतो तर’ असे माणसाला वाटतेच की! 1908 च्या जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि वर्षाला एक दिवस या हिशेबाने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्या गर्दीत आपण असतो तर, असे आमच्या मनात कितीदा येते. पण ही हौस झाली, दुःख नव्हे. शिवाय ती फार सोयीची हौस आहे. त्या साली गिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. बारा तासांची मर्यादा आली ती 1911 च्या कायद्याने. संपाचे सहा दिवस मागणारा कार्यकर्ता उरलेल्या वर्षाची हजेरी मागत नाही.

आता आम्ही आमचे मत मांडतो. त्यासाठी आधी एका माणसाच्या मृत्यूची हकीकत पाहिली पाहिजे. डेव्हिड ह्यूम हा स्कॉटिश तत्त्वज्ञ 1776 च्या उन्हाळ्यात एडिंबरोला पोटाच्या विकाराने अंथरुणास खिळला होता. वय पासष्ट. परलोकावर त्याचा विश्वास नाही हे सर्वांना ठाऊक. चरित्रकार जेम्स बॉस्वेल 7 जुलैस मुद्दाम त्याला पाहायला गेला. मरण समोर दिसल्यावर तरी हा डळमळतो का, ही उत्सुकता. ह्यूमने त्याला शांतपणे सांगितले की, पूर्वी आपण नव्हतो या विचाराने जितकी अस्वस्थता वाटते, त्याहून अधिक पुढे आपण नसू या विचाराने वाटत नाही. ल्युक्रेशियसचा आरसा जणू त्याने हातातच धरला होता. हादरला तो बॉस्वेल.

पण याच आजारातली दुसरी हकीकत ॲडम स्मिथने एका पत्रात लिहून ठेवली आहे. ह्यूम तेव्हा लुशियनचे मृतांचे संवाद वाचत होता. मेलेल्यांना नदीपार नेणारा कॅरॉन नावाचा नावाडी ग्रीक पुराणात आहे. नावेत चढायला लागू नये म्हणून लोक त्याला नाना सबबी सांगतात. ह्यूम म्हणाला की, त्यांतली एकही सबब मला लागू पडत नाही. घर अर्धवट बांधून राहिलेले नाही, मुलीची तजवीज करायची नाही, कोणा शत्रूचा सूड घ्यायचा नाही; जे करायचे होते ते करून झाले आणि नातलगही सुस्थितीत आहेत. मग थट्टेने त्याने स्वतःच एक सबब तयार केली: बाबा नावाड्या, जरा थांब, ग्रंथांच्या नव्या आवृत्तीच्या दुरुस्त्या चालल्या आहेत.

या सबबींच्या यादीतच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे आम्ही समजतो. मरणाच्या भयात दोन धागे एकत्र वळलेले असतात आणि ते उसवून वेगळे करावे लागतात. एक भय काळोखाचे: आपण नसू, काही नसेल, कायमचे. दुसरे भय तुटण्याचे: अर्धे बांधलेले घर, शाळेतली मुलगी, डोक्यावरचे कर्ज, मध्यावर आलेला लढा. पहिल्या भयापुरता ल्युक्रेशियस बिनतोड आहे. तो काळोख आपण एकदा अनुभवलेला, किंबहुना न अनुभवलेला आहे. त्यात काही टोचत नाही. परंतु दुसऱ्या भयाला त्याचा आरसा लागू पडत नाही, कारण जन्मापूर्वी आपले कोणतेही घर अर्धे राहिले नव्हते. 1761 साली आम्ही नव्हतो तेव्हा कोणतीही आमची मुलगी शाळेची फी मागत उभी नव्हती. आधीच्या नसण्याने आमचे एकही काम मोडले नाही; नंतरचे नसणे चालू यंत्रात हात घालते. म्हणून या दोन नसण्यांकडे वेगळ्या नजरेने पाहणे हे तेवढ्यापुरते पूर्णपणे विवेकाचे आहे. आणि किती प्रमाणात विवेकाचे, हे त्या माणसाच्या पदरी किती सबबी आहेत त्यावर ठरते. ह्यूमच्या पदरी एकही नव्हती, म्हणून त्याच्या तोंडी समतोलाची भाषा शोभली.

हा भेद आम्ही इतक्या आग्रहाने मांडतो त्याला कारण आहे. मरणाचे सांत्वन फार स्वस्त दरात मिळते आणि कधी कधी ते भलताच इसम देतो. एका कारखान्यात क्रेनचा दोर तुटून विशीतला एक पोरगा गेला. दोराची तक्रार लेखी दिलेली होती. तेव्हा व्यवस्थापनातील एक गृहस्थ, आवाज अगदी मऊ करून, आम्हांस म्हणाले, “साहेब, त्याचे आयुष्यच तेवढे होते. आला कोठून, गेला कोठे, कोणास ठाऊक!” वाक्य गीतेचे असो की ल्युक्रेशियसचे, ते कोणी कोणाला सांगायचे यालाही काही रीत आहे. मरणाऱ्याने स्वतःशी म्हटले तर ते तत्त्वज्ञान. दोर न बदलणाऱ्याने म्हटले तर ती पळवाट. त्या पोराचा काळोख आणि पासष्टीतल्या ह्यूमचा काळोख एकच असेल. त्यांचे तुटणे एक नव्हते.

ही गोष्ट कायद्याला, तो तत्त्वज्ञान न शिकताही, उमगली होती. 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. त्या जुन्या कायद्याला वयाचे एक कोष्टक जोडलेले होते आणि ते आम्हांस जवळजवळ पाठ आहे. निम्मा मासिक पगार गुणिले कोष्टकातला आकडा, अशी मृत्यूची भरपाई निघे. सोळा वर्षांच्या मुलासाठी आकडा 228.54, पंचविसाव्या वर्षी 216.91, चाळिसाव्या वर्षी 184.17, आणि पासष्ट वा अधिक वयाला 99.37. पुढची वर्षे जितकी अधिक तुटली तितकी रक्कम मोठी. मागे किती काळ हा माणूस नव्हता याचा रकाना त्या कोष्टकात नाही, आणि कोणत्याही कामगाराने तो मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गंमत अशी की, कायमच्या पूर्ण अपंगत्वाला त्याच कायद्याने निम्म्याऐवजी साठ टक्के पगार धरला होता. जिवंत माणसाला भाकरी लागते, मेलेल्याला लागत नाही. एपिक्यूरसही याहून वेगळे काही सांगत नव्हता.

तेव्हा कामगाराने मरणाकडे ह्यूमच्या नजरेने पाहावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी आधी त्याच्या सबबी कमी कराव्यात. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आता ते सत्तरीजवळ आहे. या सरासरीत बालमृत्यूंचा वाटा मोठा आहे हे खरे, पण घर पुरे होईपर्यंत आणि मुलगी शिकून उभी राहीपर्यंत जगणारी माणसे वाढली हेही तितकेच खरे. हे काम काही ग्रंथांनी केले नाही. देवीची लस, नळाचे पाणी, कामाचे तास, यंत्राला बसविलेली जाळी यांनी ते केले.

एवढे करूनही काळोखाचे भय काही जणांना उरतेच. एका निवृत्त फिटरला रात्री झोप येत नसे. मुले कमावती, घर स्वतःचे, कर्ज नाही, ह्यूमसारखीच स्थिती. त्याला आम्ही ल्युक्रेशियसचा आरसा आमच्या भाषेत समजावून सांगितला. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, “भाऊ, तुमचं खरं असंल. पण जन्माच्या आधी मी नव्हतो तवा माझी वाट बघणारं कोन नव्हतं. आता म्हातारी हाय.”

यावर ल्युक्रेशियसपाशी काय आहे ते आम्ही पुन्हा उघडून पाहिले. तिसऱ्या सर्गातच शोक करणारी माणसे येतात. तुझी मुले आता धावत येऊन तुला बिलगणार नाहीत, असे ती मृताला म्हणतात. कवी त्यांना उत्तर देतो की, पण त्याला त्याची ओढही उरलेली नाही, हे का विसरता? मृतापुरते हे उत्तर पुरे आहे. धावत येणाऱ्या मुलांसाठी मात्र तो एवढेच विचारतो की, सारे काही झोपेत आणि विश्रांतीत मिटत असेल, तर कोणी जन्मभर झुरावे असे त्यात कडू काय आहे? कायद्याने निराळा मार्ग धरला होता. रकमेचा आकडा मृताच्या वयावरून काढायचा आणि रक्कम द्यायची ती त्याच्या आश्रितांच्या हाती.